हमी संपत आली तेव्हा: केडगावच्या मुक्ती मिशनचं एक आर्थिक प्रकरण

1896 च्या सुरुवातीला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचे, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीच्या त्यांच्या शाळेचे, हिशेब कुणी तपासले असते, तर त्याला काळजीचं फारसं कारण दिसलं नसतं. संस्था पुण्यात स्थिरावली होती, मुली पन्नासच्या आसपास होत्या, खर्च अमेरिकेतून येत होता. बॉस्टनमध्ये 1887 साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं पैसा पुरवायचं वचन दिलं होतं. ती मुदत 1898 मध्ये संपायची होती. पण रमाबाईंचं नाव तोवर अमेरिकेत घरोघरी झालेलं, मुदतवाढ मागितली असती तर मिळालीही असती.

1896 मध्येच मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या, सरकारी मदत छावण्या आणि अन्नछत्रांतली अवस्था पाहिली, आणि पुढच्या काही महिन्यांत तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. उत्पन्नाची मुदत सरत आलेली आणि खाणारी तोंडं मात्र सहा-सात पट झालेली. सावकाराचं दार ठोठावायला याहून चांगलं निमित्त कुणाला मिळणार? आणि कर्ज काढलं असतं तर कुणी नावंही ठेवली नसती, कारण काम परोपकाराचं होतं.

त्यांनी कर्ज काढलं नाही. हमीही नव्याने बांधून घेतली नाही. तरी या मुली-बायकांसाठी केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं आणि वाढलं. ते कसं, हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण ख्रिस्ती मंडळींत पैशाविषयीच्या साक्षी बहुधा एकाच ठशाच्या असतात: अडचण आली, प्रार्थना केली, पाकीट आलं. पाकिटं इथेही आली. पण या प्रकरणातला माझ्या मते शिकण्याजोगा भाग पाकीट येण्याच्या आधीचा आहे.

डोंगरे कुटुंबाचा दुष्काळ

रमाबाईंना दुष्काळ ऐकून माहीत नव्हता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करून सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात राहायला गेलेला माणूस. तिथे विद्यार्थी आणि यात्रेकरू यांचा राबता सुरू झाला. पाहुणचार आणि दानधर्म उत्पन्नाच्या पुढे गेला, कर्ज झालं, आणि अखेर घर सोडून कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर जगायचं, असं पुढे कित्येक वर्षं चाललं.

1874 च्या सुमाराला दक्षिणेत दुष्काळाची लागण झाली, तेव्हा या कुटुंबाने जे केलं ते रमाबाईंनी नंतर स्वतः लिहून ठेवलं आहे. जवळचा पैसा देवतांच्या अनुष्ठानांत आणि दानात गेला. तो संपल्यावर दागिने विकले, चांगली वस्त्रं विकली, मग तांब्यापितळेची स्वयंपाकाची भांडी विकली, आणि तेही ब्राह्मणांना दान करण्यात घातलं. देव प्रसन्न होईल आणि संपत्ती देईल, हा हिशेब होता. शेवटी उरलेल्या चिल्लरीतून जाडेभरडे तांदूळ घेतले, ते पुरवून पुरवून खाल्ले, आणि एक दिवस तांदळाचा शेवटचा दाणाही संपला. भीक मागायची लाज वाटत होती. अंगमेहनतीचं काम कुणाला येत नव्हतं. घरात शास्त्रं मुखोद्गत असलेली माणसं होती, पण चार पैसे मिळवायचं एकही कौशल्य नव्हतं. वडील, आई आणि थोरली बहीण थोड्या महिन्यांच्या अंतराने गेली.

उरलेली दोघं भावंडं, श्रीनिवास आणि रमा, पायीपायी देशभर भटकली. पंजाबात झेलमच्या काठी थंडी सोसवेना म्हणून दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, आत बसून डोकं तेवढं बाहेर ठेवलं, अंगावर वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली.

या कुटुंबात श्रद्धेची काही उणीव होती का? मुळीच नाही. असेल तर जास्तच होती. त्यामुळे ‘श्रद्धा ठेवा, पैशाची काळजी मिटेल’ असं रमाबाईंचं उदाहरण देऊन जो सांगतो, त्याने आधी त्यांच्या वडिलांच्या घराकडे बघावं. आणि हिंदू श्रद्धा खोटी म्हणून तसं झालं, ख्रिस्ती श्रद्धा खरी म्हणून असं झालं, असं म्हणून हात झटकणंही सोपं आहे. देवाला काही देऊन त्याच्याकडून पैसा काढून घेण्याचा व्यवहार ख्रिस्ती मंडपातही जोरात चालतो. ‘विश्वासाचं बी पेरा, प्रभू शंभरपट देईल’ असं म्हणत हप्त्यात अडकलेल्या माणसाकडून दानार्पणाची पेटी भरून घेणारे उपदेशक आपण सगळ्यांनीच ऐकले आहेत. अनंतशास्त्र्यांनी निदान स्वतःची भांडी विकली होती.

ब्रिस्टलचा माणूस

रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. पण पैशाच्या बाबतीत त्यांचं वळण बदललं ते त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, काही पुस्तकं वाचून. चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर, न्यू हेब्रिडीज बेटांवरचे जॉन पेटन आणि ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर या तिघांच्या हकिकती त्यांनी वाचल्या. तिघांचा या प्रकरणाशी संबंध आहे, पण म्यूलरचा सगळ्यांत थेट.

म्यूलर जन्माने प्रशियन. तरुणपणी बापाचे पैसे चोरणारा, खोटे हिशेब दाखवणारा. सोळाव्या वर्षी खानावळींची बिलं बुडवून पळताना पकडला गेला आणि तुरुंगात गेला. बापाने पैसे भरून सोडवला. हाच माणूस पुढे इंग्लंडमध्ये पाळक झाला. 1830 मध्ये त्याने ठरावीक पगार घेणं सोडलं. चर्चमधली बाकं भाड्याने देऊन तो पगार निघत असे, आणि त्यामुळे श्रीमंत पुढे आणि गरीब मागे बसत, हे त्याला खटकत होतं. 1836 मध्ये ब्रिस्टलच्या विल्सन स्ट्रीटवर त्याने अनाथ मुलांसाठी पहिलं घर उघडलं. 1870 पर्यंत शहराबाहेर अॅश्ली डाउनला पाच मोठ्या इमारती झाल्या आणि दोन हजारांवर मुलांची सोय झाली. कुणाकडे पैसे मागायचे नाहीत आणि कर्ज काढायचं नाही, असे त्याचे दोन नियम.

हे दोन्ही नियम मिरवायला छान वाटतात. त्यांचा अर्थ कळतो तो दूधवाल्याच्या बिलात. सुरुवातीला संस्थेचं दूध-पावाचं बिल आठवड्याने चुकतं होत असे, जसं कुणाचंही होतं. मग म्यूलरच्या लक्षात आलं की मधल्या दिवसांत आपण त्या दूधवाल्याचे देणेकरीच असतो, आणि आठवड्याच्या शेवटी पैसे असतील याची खात्री नाही. तेव्हापासून माल येईल त्याच दिवशी रोख पैसे, आणि पैसे नसतील तर माल घ्यायचा नाही, असं ठरलं. ‘एकमेकांवर प्रीती करणे याखेरीज कोणाच्या ऋणात राहू नका’ हे पौलाचं वाक्य रोमकरांस पत्रात सगळेच वाचतात. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीपर्यंत ते नेणारे थोडे.

म्यूलर पैसे मागत नव्हता, हे खरं. पण दरवर्षी छापील अहवाल काढून आलेली प्रत्येक रक्कम त्यात जाहीर करत होता, आणि ते अहवाल वाचून लोक पैसे पाठवत होते. टीकाकारांनी यावर बोट ठेवलं आहे आणि ते गैर नाही. मला मात्र त्यात ढोंग दिसत नाही. ज्याचा हिशेब उघडा आहे त्याला लोक देतात, ही काही चोरून करायची गोष्ट नव्हे.

दुसऱ्या कुणी करावं

हे वाचून रमाबाईंना वाटलं की भारतातही कुणी मिशनऱ्याने अशी निव्वळ विश्वासावर चालणारी मिशन काढायला हवी. तशी प्रार्थनाही त्या करू लागल्या. पुढचं त्यांनी आपल्या साक्षीत लिहिलं आहे, आणि त्यात थोडा स्वतःवरचा विनोदही आहे. दुसऱ्या कुणी अवघड काम करावं अशी इच्छा करणं किती सोपं असतं, ते तूच का सुरू करत नाहीस, असं आतल्या आवाजाने त्यांना खडसावलं.

मग लोणावळ्याच्या ख्रिस्ती शिबिराचा प्रसंग. पंधरा मुली बरोबर होत्या. पहाटे प्रार्थनेला बसल्यावर रमाबाईंच्या मनात आलं की पुढच्या शिबिरापर्यंत या पंधराच्या पंधरापट मुली व्हाव्यात, म्हणजे दोनशे पंचवीस. सदनात सगळ्या मिळून पन्नासच्या आसपास मुली. असोसिएशनचा पैसाही तेवढ्यांपुरताच. त्या स्वतः लिहितात की यावर विश्वास ठेवणं जड गेलं. वर्ष सरायच्या आत दुष्काळाने तो आकडा ओलांडला.

पण गोष्ट इतकीच सांगितली की ती चमत्काराची होते, आणि एक बिनचमत्काराची बाब सुटून जाते. मुदत संपल्यावर काय, हा विचार रमाबाईंनी आधीच केला होता. पुण्याच्या पूर्वेला, रेल्वेमार्गावर केडगावला त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. विहिरी खणायला घेतल्या, फळझाडं लावली. बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, हा बेत. दौंडच्या पट्ट्यातल्या कोरडवाहू जमिनीत बाग लावणारी बाई भोळी नव्हती. पुढे 1897 मध्ये प्लेगमुळे पुण्यात एवढ्या मुली ठेवणं अशक्य झालं तेव्हा जायला जागा होती ती हीच. आधी तात्पुरत्या झोपड्या आणि मांडव, मग पक्क्या इमारती. 1898 च्या सप्टेंबरात मुक्ती सदनाचं समर्पण झालं. पुढच्या वर्षी चर्चची पायाभरणी झाली.

‘उद्याची चिंता करू नका’ हे प्रभूचं सांगणं आणि उद्यासाठी झाडं लावणं यांत रमाबाईंना विरोध दिसला नाही. चिंता आणि तरतूद या निराळ्या गोष्टी आहेत. हे आपल्याकडे पाळकांनी मंडळीला अधिक वेळा सांगायला हवं, कारण विम्याचा हप्ता भरणं म्हणजे अविश्वास असं मानणारी भली माणसं मी पाहिली आहेत.

हमीची किंमत

1898 मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. जुन्या असोसिएशनचं काम संपलं, मालमत्ता रमाबाईंच्या हाती आली आणि नवी अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अमेरिकेतून पैसा येत राहिला. तेव्हा ‘सगळे मानवी आधार तुटले आणि एकट्या देवाने चालवलं’ असं जे भक्तिभावाने लिहिलं जातं ते अतिशयोक्त आहे. तुटली ती हमी. ठरलेली रक्कम, ठरलेली वर्षं आणि त्या पैशाबरोबर येणारी शर्त.

ही शर्त काय होती? शारदा सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही. सदन तटस्थ असेल, हे वचन होतं. 1893 मध्ये काही मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठलं. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, अनेक मुली पालकांनी काढून नेल्या. त्या वादात कोण किती चुकलं यावर मराठीत भरपूर शाई खर्ची पडली आहे. मला इथे एवढंच नोंदवायचं आहे की रमाबाईंची उघडी इच्छा एक आणि खर्च भागवणाऱ्या पैशाची शर्त दुसरी, अशी ती पाच-सात वर्षांची कोंडी होती. पालकांना वचन तटस्थतेचं दिलेलं असल्यामुळे त्यांचा संतापही समजण्यासारखा होता. मुक्तीमध्ये ही संदिग्धता राहिली नाही. संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली, देणाऱ्यालाही ते ठाऊक आणि येणारीलाही.

नीतिसूत्रांत ऋणको हा धनकोचा दास होतो असं म्हटलं आहे. देणगीचंही तसंच आहे, फक्त दोरी लांब असते. रमाबाईंनी कर्ज टाळलं याचं कौतुक पुष्कळांनी केलं. बांधून घेतलेली हमी हातची जाऊ दिली, हे मला जास्त धाडसाचं वाटतं.

रोजची भाकर कशी भाजली गेली

1900 मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला आणि तिथूनही शेकडो मुली आल्या. मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ ही प्रार्थना इथे शब्दशः म्हटली जात होती, कारण भाकऱ्या खरोखरच हजारोंनी लागत.

या बायका-मुली बसून खात नव्हत्या. शेती आणि भाजीपाला होता, गाईगुरं होती, तेलाचा घाणा होता, हातमाग होते, शिवणकाम होतं. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाई. छापखाना होता आणि त्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामं बायका करत. वसतिगृहात आधी आलेल्या मुली नव्या आलेल्यांना सांभाळत, न्हाऊ घालत, अक्षरओळख देत, म्हणून पगारी नोकरवर्ग थोडक्यात भागे. मिनी एब्रम्ससारख्या परदेशी सहकारी मदतीला होत्या. मुक्तीतून इंग्रजीत एक पत्रिका निघे आणि तिच्यातून जगभरच्या मित्रांना खबर मिळे, म्हणजे म्यूलरच्या अहवालांसारखंच.

या उद्योगांकडे बघताना मला सारखं डोंगऱ्यांचं बिऱ्हाड आठवतं. ज्या घरात भीक मागवत नव्हती आणि कष्ट करता येत नव्हते, त्या घरातली मुलगी आपल्या हाताखालच्या एकाही मुलीला कौशल्याशिवाय सोडायला तयार नव्हती. रमाबाईंच्या मुक्तीत संस्कृत पंडिता घडल्या नाहीत, असं काही जण खंतावून म्हणतात. पण शास्त्रं पाठ असूनही उपाशी मरणारं घर त्यांनी आतून पाहिलं होतं.

1907 च्या साक्षीत त्यांनी संस्थेची आर्थिक स्थिती सांगितली आहे: आम्ही श्रीमंत नाही, रोजच्या गरजेहून एक पैसाही वर नाही, कुठल्या बँकेत खातं नाही, कायम निधी नाही, पण सुखी आहोत, भिण्यासारखं काही नाही आणि गमावण्यासारखंही काही नाही. वर्षानुवर्षं कर्जाच्या फेऱ्यात असलेल्या माणसाने हे वाचावं आणि त्यातल्या शेवटच्या शब्दांपाशी जरा थांबावं. कर्जबाजारी माणसाची झोप उडते ती पैसा नाही म्हणून जितकी, त्याहून अधिक उद्या दारात कोण येईल या धास्तीने. रमाबाईंकडेही पैसा नव्हताच. धास्ती घालणारा कुणी नव्हता.

न सुटलेला भाग

या प्रकरणाची एक बाजू मला अजून टोचते. स्वतःच्या जिवावर विश्वासाने उडी घेणं वेगळं. मुक्तीतल्या मुलींनी ‘आम्हाला शिल्लक नको, हमी नको’ असं व्रत घेतलं नव्हतं. ते रमाबाईंनी घेतलं आणि पंधराशे-दोन हजार ताटं त्याला बांधली गेली. आजही हे घरोघरी होतं. नवरा प्रभूच्या पाचारणाने नोकरी सोडतो आणि बायकोला शेजारणीकडे साखर मागायला जावं लागतं. मग साक्ष तो देतो.

रमाबाईंच्या बाजूने एवढं म्हणता येईल की त्यांनी राखीव निधी ठेवला नाही, पण विहिरी, जमीन, माग आणि छापखाना ठेवला. बँकेतल्या खात्याऐवजी मुलींच्या हातांत काम दिलं. दुष्काळी छावणीत त्या मुलींपुढे दुसरा जो पर्याय होता तोही विसरून चालणार नाही. तरी प्रश्न पुरता मिटत नाही. ज्याला आपल्या घरात असा निर्णय घ्यायचा आहे, त्याने ज्यांची ताटं त्यावर अवलंबून आहेत त्यांना आधी विचारावं, असं माझं मत आहे.

जुलै 1921 मध्ये रमाबाईंची एकुलती मुलगी आणि ठरलेली वारस मनोरमा वारली. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. बायबलचं त्यांचं मराठी भाषांतर 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर आलं. ज्या माणसाच्या विश्वासावर संस्था उभी, तो गेल्यावर ती कोसळते, असा सर्वसाधारण अनुभव. केडगावची संस्था कोसळली नाही, ती अजून चालू आहे. अर्थात ‘कुठल्या बँकेत खातं नाही’ हे 1907 चं वाक्य आजच्या कुठल्याही नोंदणीकृत न्यासाला लिहिता यायचं नाही. धर्मादाय आयुक्तांना ताळेबंद लागतो.